नीटनेटके केस म्हणजे कुणासारखे?

रेने रॉजर्स या कृष्णवर्णीय बाई अमेरिकन एअरलाइन्स या विमान कंपनीत अकरा वर्षं नोकरीला होत्या. विमानतळावर प्रवाशांचं स्वागत करायचं, बोर्डिंग पास द्यायचे, असं त्यांचं काम. १९८० साली त्यांनी केसांचे ‘कॉर्नरो’ घातले. आपल्याकडच्या सागरवेणीसारखी टाळूला धरून जाणारी वेणी, पण अगदी अरुंद. आणि अशा कितीतरी वेण्या कपाळापासून मानेपर्यंत शेतातल्या सरींसारख्या शेजारी शेजारी. प्रवाशांसमोर काम करणाऱ्यांनी सगळं डोकं वेण्यांनी गुंफायचं नाही, असा कंपनीचा नियम होता. रॉजर्स न्यायालयात गेल्या.

१९८१ साली न्यूयॉर्कच्या संघीय न्यायालयाने निकाल कंपनीच्या बाजूने दिला. नियम स्त्री-पुरुषांना, गोऱ्या-काळ्यांना सारखाच लागू आहे, त्यामुळे त्यात भेदभाव नाही, असं न्यायालयाचं म्हणणं. वेणी ही जन्मजात गोष्ट नाही, ती सहज बदलता येते, हा दुसरा मुद्दा. कंपनीने आणखी एक गोष्ट पुढे केली होती. बो डेरेक या गोऱ्या नटीने ‘टेन’ या चित्रपटात अशा वेण्या घातल्या होत्या आणि त्या लोकप्रिय झाल्यानंतर थोड्याच दिवसांत रॉजर्सबाईंनी घातल्या, असं कंपनीने सांगितलं आणि न्यायालयाने त्याची दखल घेतली. पिढ्यान्‌पिढ्या काळ्या बायका एकमेकींच्या डोक्यावर ज्या वेण्या घालत आल्या, त्या कागदोपत्री एका गोऱ्या नटीच्या नावावर लागल्या. कामाच्या वेळात वेण्यांचा अंबाडा बांधून त्यावर कृत्रिम केसांचा तुकडा लावायची मुभा कंपनीने दिली होती. त्याने डोकं भयंकर दुखतं, असं रॉजर्स म्हणाल्या. त्यावर, मग जरा मोठा तुकडा घ्यावा, असं उत्तर निकालपत्रात आहे.

‘सहज बदलता येतं’ हे तीन शब्द पुढची चाळीस वर्षं अशा खटल्यांत पुन्हा पुन्हा आले. म्हणून ते तपासून पाहिले पाहिजेत. बदलायचं म्हणजे काय करायचं? आणि ते किती सहज असतं?

सुरुवात टाळूपासून करू. केसाचं मूळ ज्या इवल्याशा पिशवीत असतं, तिला केशकूप म्हणतात. सरळ केसाचा केशकूप साधारण सरळ असतो आणि केसाचा छेद जवळजवळ गोल. घट्ट कुरळ्या केसाचा केशकूपच वळलेला असतो आणि केसाचा छेद लंबगोल, चपटा. असा केस वळण घेतच बाहेर येतो आणि वाढतानाही वळतच राहतो. टाळूतून पाझरणारं तेल सरळ केसावरून आपोआप टोकापर्यंत उतरतं. इतक्या वळणांवरून ते उतरत नाही. म्हणून मुळाशी तेल असतं आणि टोकं कोरडी पडतात. शिवाय केस जिथे जिथे वळतो, तिथे तिथे तो कमजोर असतो. सरळ केसांवर बेतलेली फणी कोरड्या कुरळ्या केसांतून ओढली तर गुंता सुटत नाही, केस तुटतो. म्हणून हे केस ओले करून, कंडिशनर लावून, बोटांनी किंवा रुंद दातांच्या फणीने टोकांकडून मुळांकडे सोडवत जायचे असतात. रोज धुतले तर आहे तेवढंही तेल निघून जातं. बऱ्याच बायका आठवड्यातून एकदाच धुतात, कुणी त्याहूनही कमी, आणि ते घाणेरडेपणाचं लक्षण अजिबात नाही.

या केसांची उपयुक्तताही अलीकडे मोजली गेली आहे. टीना लासिसी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी माणसाच्या आकाराच्या, आतून तापवलेल्या पुतळ्यावर वेगवेगळ्या केसांचे टोप चढवून प्रयोग केले आणि २०२३ साली निष्कर्ष प्रसिद्ध केले. उन्हाची उष्णता डोक्यापर्यंत पोचू न देण्यात सगळ्यात सरस ठरले ते घट्ट कुरळे केस.

आता या केसांच्या रचनांकडे पाहा. कॉर्नरो, सुट्ट्या बारीक वेण्या, दोन पेडांचे पीळ आणि लॉक्स, म्हणजे आपसांत घट्ट गुंतवून राखलेल्या बटा. या सगळ्यांत एक समान हेतू आहे. केसांची नाजूक टोकं आत गुंफून टाकायची, म्हणजे रोज फणी लावावी लागत नाही, केस तुटत नाहीत आणि वाढतात. बारीक वेण्या घालायला बसलं की अख्खा दिवस जातो. घालणारी बाई टोकदार शेपटाच्या फणीने भांग पाडून डोक्याचे छोटे छोटे चौकोन आखून घेते, एकेका चौकोनातली बट तीन भागांत वाटते, हवं तर त्यात कृत्रिम केसांचा पेड मिसळते आणि मुळापासून टोकापर्यंत विणत जाते. बसणारीची मान अवघडते, घालणारीची बोटं भरून येतात. पण मग पुढचे काही आठवडे काळजी नाही. रात्री साटिनचा रुमाल बांधायचा, टाळूला तेल लावायचं, एवढंच. फार घट्ट ओढून घातल्या तर कपाळावरचे केस विरळ होतात, म्हणून चांगली वेणी घालणारी हात हलका ठेवते.

लॉक्स पाहिले की आपल्याला जट आठवते, आणि इथे गल्लत होऊ नये. आपल्याकडे केस न विंचरल्यामुळे गुंता होतो, त्याला देवीचा कोप किंवा कृपा मानलं जातं, कापायची भीती घातली जाते आणि त्या ओझ्याखाली बाईची मान दुखत राहते. अंधश्रद्धा निर्मूलनाच्या कार्यकर्त्यांनी कितीतरी बायकांची त्यातून सुटका केली आहे आणि ते मोलाचं काम आहे. लॉक्स माणूस स्वतःच्या मर्जीने, ठरवून तयार करतो. बटा आखून घेतलेल्या असतात, त्या नियमित धुतल्या जातात आणि मुळाशी वाढलेला नवा केस ठरावीक काळाने पिळून आत घेतला जातो. भीती घालून वाढवायला लावलेले केस आणि मर्जीने राखलेले केस एका मापाने मोजू नयेत.

म्हणजे वेण्या आणि लॉक्स हीच या केसांची निगा. न्यायालयाने ‘सहज बदला’ म्हटलं, तेव्हा निगा सोडा असंच सांगितलं. ती सोडून काय करायचं? केस सरळ करायचे.

त्याचे जुने मार्ग दोन. एक तापवलेली धातूची फणी. उष्णतेने केसातले हायड्रोजन बंध सुटतात आणि केस सरळ होतो, पण घाम, पाऊस, वाफ लागली की पुन्हा वळतो. म्हणून मुलींनी पोहणं टाळायचं, व्यायाम टाळायचा. दुसरा मार्ग रसायनाचा. बाजारात ज्याला रिलॅक्सर म्हणतात, त्यात बऱ्याचदा सोडियम हायड्रॉक्साइड असतं, म्हणजे साबण करायला वापरतात तो कॉस्टिक सोडा. केसाच्या केराटिनमध्ये गंधकाचे जे पक्के बंध असतात ते हे रसायन तोडतं आणि केस कायमचा सरळ होतो. आधी टाळूला आणि कानांच्या कडांना व्हॅसलीन फासून घ्यायचं, मग घड्याळाकडे डोळे लावून बसायचं. जरा वेळ जास्त झाला की टाळू भाजते, खपल्या धरतात. आणि ‘कायमचा’ तरी कुठे? केस महिन्याला सुमारे एक सेंटिमीटर वाढतो आणि नवा केस कुरळाच येतो. म्हणून दर सहा-आठ आठवड्यांनी पुन्हा तेच. दरवेळी पैसे, दरवेळी आग.

२०२२ साली अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेच्या ‘सिस्टर स्टडी’ या अभ्यासातून एक गंभीर गोष्ट पुढे आली. ३३,४९७ स्त्रियांची सुमारे अकरा वर्षं पाहणी झाली. ज्यांनी केस सरळ करणारी रसायनं कधी वापरली नाहीत, त्यांना सत्तरीपर्यंत गर्भाशयाचा कर्करोग होण्याचं प्रमाण १.६४ टक्के निघालं. वर्षातून चारपेक्षा जास्त वेळा वापरणाऱ्यांमध्ये ते ४.०५ टक्के. असा अभ्यास संबंध दाखवतो, कारण सिद्ध करत नाही, हे खरं. पण ही रसायनं वापरणाऱ्यांमध्ये सुमारे ६० टक्के कृष्णवर्णीय होत्या आणि त्यातल्या अनेकींची सुरुवात लहान वयात झालेली असते. ‘सहज’ या शब्दाची ही किंमत. ती मला फार मोठी वाटते.

ही सक्ती आली कुठून? १७८६ साली स्पॅनिश अमलाखालच्या लुइझियानात गव्हर्नर एस्तेबान मिरो यांनी फर्मान काढलं, की कृष्णवर्णीय आणि मिश्रवंशीय बायकांनी केसांवर दागिने, पिसं मिरवायची नाहीत, डोकं कापडाने झाकायचं. बायकांनी ते कापडच इतक्या झोकात आणि रंगीबेरंगी बांधलं की त्याचीच फॅशन झाली. गुलामगिरी संपल्यावर उघड फर्मानं गेली, पण चांगली नोकरी, चांगली शाळा सरळ केसांकडे झुकलेलीच राहिली. लुइझियानातच १८६७ साली जन्मलेल्या मॅडम सी. जे. वॉकर यांनी टाळूचं मलम आणि तापवलेली फणी यांच्या जोरावर मोठा व्यवसाय उभारला आणि हजारो काळ्या बायकांना विक्रीचं काम मिळवून दिलं. त्यांना दोष देणारे आहेत. मला तो दोष पटत नाही. ज्या समाजात डोकं पाहून पगार ठरत होता, तिथे त्यांनी बायकांच्या हाती चार पैसे दिले.

१९६०च्या दशकात नागरी हक्कांच्या लढ्याबरोबर मोकळा, गोल ‘आफ्रो’ आला. १९७१ साली न्यूयॉर्कच्या दूरचित्रवाणी वार्ताहर मेल्बा टॉलिव्हर राष्ट्राध्यक्ष निक्सन यांच्या कन्येच्या लग्नाचं वार्तांकन करायला आफ्रो राखून जाणार होत्या. केस बदला, असं वाहिनीने सांगितलं. त्या बधल्या नाहीत, बातमी फुटली आणि वाहिनीला नमतं घ्यावं लागलं. १९७६ साली एका संघीय अपील न्यायालयाने आफ्रोवरून होणारी वागणूक वंशभेदात मोडू शकते, असं मान्य केलं.

आणि इथेच कायद्यात एक विचित्र फट पडली. केस मोकळे सोडले तर संरक्षण, पण तेच केस तुटू नयेत म्हणून वेणीत गुंफले तर नाही. रॉजर्सबाईंचा खटला याच फटीत पडला. तीस वर्षांनीही ती बुजली नव्हती. २०१० साली अलाबामातल्या मोबिल शहरात चॅस्टिटी जोन्स यांना एका कंपनीने फोनवर ग्राहकांशी बोलायची नोकरी देऊ केली. त्यांचे आखूड लॉक्स होते. असे केस अस्ताव्यस्त होतात, ते काढा, असं सांगितलं गेलं. जोन्स यांचे केस तसे आहेत, असं हे सांगणाऱ्या बाईंचंही म्हणणं नव्हतं. जोन्स यांनी नकार दिला, नोकरी गेली. ग्राहकाला केस दिसणारच नव्हते! २०१६ साली अपील न्यायालयाने पुन्हा तेच म्हटलं: लॉक्स बदलता येतात, म्हणून त्यांवरची बंदी वंशभेदात मोडत नाही. २०१८ साली सर्वोच्च न्यायालयाने प्रकरण हाती घ्यायला नकार दिला. त्याच सर्वोच्च न्यायालयात २०२२ पासून न्यायमूर्ती केतांजी ब्राउन जॅक्सन बसतात, लॉक्स राखून.

नेमणूक करणाऱ्यांच्या मनात काय चालतं, हे क्रिस्टी झोउ कोव्हल आणि ॲशली शेल्बी रोझेट यांनी प्रयोगाने पाहिलं. उमेदवारांची माहिती आणि फोटो लोकांना दाखवून गुण द्यायला सांगितले. नैसर्गिक केसांच्या कृष्णवर्णीय उमेदवार सरळ केस केलेल्या कृष्णवर्णीय उमेदवारांपेक्षा कमी ‘व्यावसायिक’ ठरल्या. सल्लागार कंपनीतल्या जागेसाठी हा फरक दिसला. जाहिरात क्षेत्रातल्या जागेसाठी दिसला नाही. केस तेच, क्षेत्र बदललं की गुण बदलले. यावरून केसांत काही खोट नव्हती, इतकं तरी नक्की म्हणता येतं.

लष्कराचं उदाहरण मला सगळ्यात बोलकं वाटतं, कारण शिस्त हा शब्द तिथे पोकळ नसतो. मार्च २०१४ मध्ये अमेरिकी लष्कराने नवे नियम काढले आणि पीळ, लॉक्स, जाड वेण्या यांवर बंदी घातली. नियमात अशा केसांसाठी ‘गुंतलेले’ आणि ‘अस्ताव्यस्त’ अशा अर्थाचे शब्द होते. हेल्मेटखाली नीट बसणारी आणि रणात रोज विंचरावी न लागणारी रचनाच बंद केल्याचं कृष्णवर्णीय महिला सैनिकांनी दाखवून दिलं. संसदेतल्या कृष्णवर्णीय महिला सदस्यांनी पत्र लिहिलं, संरक्षणमंत्री चक हेगल यांनी फेरविचाराचा आदेश दिला. काही महिन्यांतच ते शब्द गाळले गेले, पीळ मान्य झाले आणि २०१७ च्या जानेवारीत लॉक्सनाही परवानगी मिळाली. लष्कराची शिस्त त्याने कुठेही बिघडली नाही.

शाळांमध्ये हा प्रश्न जास्त जिव्हारी लागतो, कारण शिक्षा मुलांना होते. २०१६ च्या ऑगस्टमध्ये दक्षिण आफ्रिकेतल्या प्रिटोरिया गर्ल्स हायस्कूलच्या मुली आपले मोकळे केस आणि वेण्या घेऊन निषेधाला उभ्या राहिल्या. केस सरळ करायला सांगतात, ही त्यांची तक्रार. या शाळेत वर्णभेदाच्या काळात फक्त गोऱ्या मुलींना प्रवेश होता. त्या काळी एखाद्याचा वंश ठरवायला केसांत पेन्सिल खोचत. ती अडकून राहिली तर माणूस गोरा नाही. ज्या देशात पेन्सिलीवरून नागरिकाचे हक्क ठरले, तिथल्या मुलीला केसांवरून बोलणं म्हणजे काय, हे वेगळं सांगायला नको. प्रांताच्या शिक्षणमंत्र्यांनी शाळेचा तो नियम स्थगित केला.

आफ्रिकेतल्या स्वतंत्र देशांतही शाळांचे नियम वसाहतकाळाच्या साच्यातलेच राहिले होते. घानातल्या नामांकित अचिमोटा शाळेने २०२१ साली रास्ताफारी पंथाच्या दोन मुलांना लॉक्समुळे प्रवेश नाकारला. उच्च न्यायालयाने तो द्यायला लावला. मलावीच्या उच्च न्यायालयाने २०२३ साली देशभरच्या सरकारी शाळांसाठी असाच आदेश दिला. इंग्लंडमध्ये एका शाळेने कॉर्नरो घातलेल्या अकरा वर्षांच्या मुलाला पहिल्याच दिवशी घरी पाठवलं होतं. असे केस टोळ्यांची खूण असतात, ही शाळेची सबब. २०११ साली तिथल्या उच्च न्यायालयाने याला अप्रत्यक्ष वंशभेद म्हटलं. अप्रत्यक्ष या शब्दात सगळं आलं. नियम सर्वांना सारखा, पण त्याचा भार एकाच समाजावर.

अमेरिकेत वळण आलं ते ३ जुलै २०१९ रोजी, कॅलिफोर्नियाने ‘क्राउन’ नावाचा कायदा केला तेव्हा. सिनेटर हॉली मिचेल यांनी तो मांडला होता. कायद्याने ‘बदलता येतं का’ हा प्रश्नच बाजूला सारला: केसांचा पोत आणि वेण्या, पीळ, लॉक्स यांसारख्या संरक्षक रचना या वंशाशी जोडलेल्या गोष्टी आहेत, त्यांवरून भेदभाव करायचा नाही. त्याच महिन्यात न्यूयॉर्कनेही कायदा केला. न्यू जर्सीत, जिथे मराठी कुटुंबं मोठ्या संख्येने राहतात, एका शालेय कुस्तीगिराला २०१८ च्या डिसेंबरात पंचाने सांगितलं होतं, की लॉक्स काप नाहीतर सामना सोड. भर आखाड्यात कात्रीने त्याचे केस कापले गेले, आणि तो कुस्ती जिंकला. बरोबर एका वर्षाने त्या राज्यातही कायदा झाला. आज वीसहून अधिक राज्यांत तो आहे.

पण कायद्यातूनही वाट काढली जाते. टेक्सासमध्ये हा कायदा १ सप्टेंबर २०२३ ला लागू झाला. ह्यूस्टनजवळच्या मॉन्ट बेल्व्ह्यू गावातल्या बार्बर्स हिल हायस्कूलने त्याच सुमारास डॅरिल जॉर्ज या विद्यार्थ्याला वर्गाबाहेर काढलं. तो लॉक्स डोक्यावर बांधून यायचा; ते शर्टाच्या कॉलरखाली, कानाच्या पाळीखाली जात नव्हते. शाळा म्हणाली, सोडले तर जातील. मुलांचे केस एवढ्याच लांबीचे हवेत, हा नियम आणि कायद्यात लांबीबद्दल काही नाही. फेब्रुवारी २०२४ मध्ये राज्याच्या न्यायाधीशांनी शाळेचं म्हणणं मान्य केलं. त्या मुलाचं जवळजवळ पूर्ण शैक्षणिक वर्ष वर्गाबाहेर गेलं. लॉक्स आखूड कापले की बटा सैल होऊन सुटू शकतात. पोत चालेल पण लांबी नको म्हणणं म्हणजे संरक्षण एका हाताने देऊन दुसऱ्या हाताने काढून घेणं. हा निकाल चुकीचा होता असं माझं स्पष्ट मत आहे.

देशभरासाठीचं विधेयक अमेरिकेच्या प्रतिनिधीगृहाने २०२० आणि २०२२ साली मंजूर केलं, सिनेटमध्ये ते अडलं. फ्रान्समध्ये ग्वादलूपचे खासदार ऑलिव्हिए सेर्वा यांनी मांडलेलं केसभेदविरोधी विधेयक मार्च २०२४ मध्ये तिथल्या कनिष्ठ सभागृहात मोठ्या बहुमताने संमत झालं.

अमेरिकेत, इंग्लंडमध्ये आपली मराठी माणसं आता नेमणुका करणाऱ्यांच्या खुर्चीत बसतात, शाळांच्या पालक समित्यांवर असतात. त्यांना एकच विनंती. मुलाखतीच्या कागदावर उमेदवाराच्या केसांबद्दल शेरा लिहायची वेळ आली, तर तो लिहू नका. आणि नियमावलीत ‘केस नीटनेटके असावेत’ अशी ओळ असेल, तर त्याखाली वेण्या, पीळ आणि लॉक्स चालतील, लांबीची अट नाही, एवढं स्पष्ट लिहून घ्या.